मॅगपाय तुमच्याच मुलाच्या मागे का लागतो, आणि सप्टेंबर कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून फेब्रुवारीत मेलबर्नच्या टार्नीटमध्ये राहायला आलेलं कुटुंब. नऊ वर्षांचा मुलगा ओढ्याकाठच्या वाटेने सायकलवर शाळेत जातो. गेल्या आठवड्यापासून एक काळा-पांढरा पक्षी रोज त्याच ठिकाणी मागून येऊन हेल्मेटवर आपटतो, परवा तर कानाला ओरखडा काढला. वर्गातली बाकीची मुलं तिथूनच चालत जातात, त्यांना काही करत नाही. वडील विचारतात: ह्यालाच का धरलंय? हेल्मेटला ते प्लास्टिकचे पट्टे लावावेत का? पालिकेला सांगून घरटं काढता येईल का? हे किती दिवस चालणार? आणि शेवटी एक ओळ, जी वाचून मला हसू आलं: भारतातून आलेली आजी म्हणते, त्याला रोज पोळीचा तुकडा घाला, गप्प बसेल.

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका पालिकेच्या उद्यान विभागात काम करते. ऑगस्ट उजाडला की अशा तक्रारी सुरू होतात आणि ऑक्टोबर संपेपर्यंत माझा बराचसा वेळ कुठल्या ना कुठल्या निलगिरीखाली मान वर करून उभं राहण्यात जातो.

उद्या सकाळचं आधी सांगते, कारण बाकी सगळं निवांत वाचलं तरी चालेल. उद्यापासून मुलाला त्या वाटेने सायकलवर पाठवू नका. समांतर रस्त्याने न्या, पाच-सात मिनिटं जास्त लागली तर लागू देत. व्हिक्टोरियात तेरा वर्षांखालच्या मुलांना फुटपाथवर सायकल चालवायला परवानगी आहे आणि त्यांच्यासोबत असलेल्या मोठ्या माणसालाही, त्यामुळे रस्त्याच्या रहदारीची काळजी नको. पर्यायी वाटच नसेल तर घरट्याच्या बऱ्याच अलीकडे खाली उतरायचं, हेल्मेट डोक्यावरच ठेवायचं आणि सायकल हातात धरून चालत तो पट्टा ओलांडायचा. पायी जाणाऱ्यांसाठी नराची हद्द घरट्यापासून साधारण शंभर मीटर असते, सायकलवाल्यांसाठी दीडशेपर्यंत. तेवढाच पट्टा टाळायचा आहे, अख्खा ओढा नाही.

आता हा पक्षी कोण ते बघू. नाव मॅगपाय असलं तरी युरोपातल्या मॅगपायशी त्याचं नातं नाही. तो कावळ्यांच्या कुळातला, हा नाही. इथे आलेल्या पहिल्या इंग्रजांना रंग बघून घरची आठवण आली असणार, तेच नाव चिकटलं. ह्याचे सख्खे नातेवाईक म्हणजे इथलेच बुचरबर्ड आणि करवाँग. पहाटे बासरी आणि गुळणा एकत्र ऐकू आल्यासारखं जे गाणं कानावर पडतं ते ह्याचंच. मेलबर्नकडच्या जातीत नराची पाठ स्वच्छ पांढरी असते आणि मादीची करड्या छटेची, जरा मळकट. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅगपायची जोडी किंवा छोटा गट आपला इलाखा वर्षभर आणि वर्षानुवर्षं धरून बसतो. म्हणजे तुमच्या ओढ्याकाठी राहणारं हे कुटुंब तुमच्याआधीपासून तिथे आहे. त्यांना दोन गोष्टी लागतात: घरट्यासाठी उंच झाड आणि चरण्यासाठी आखूड गवत. मातीखालच्या अळ्या ते मान तिरकी करून चक्क ऐकून शोधतात. टार्नीटसारखी नवी उपनगरं उघड्या माळरानावर वसली आहेत. गवताचे हिरवेगार, पाणी घातलेले पट्टे भरपूर, पण जुनं उंच झाड एखादंच, तेही नेमकं शाळेच्या वाटेवर. नवीन वस्त्यांत तक्रारी एकेका झाडाभोवती गोळा होतात त्या त्यामुळे.

मादी काटक्यांचं, कधी तारेच्या तुकड्यांचंही घरटं उंच फांद्यांत बांधते आणि अंडी तीच उबवते. त्याला तीन आठवडे लागतात. पिल्लं त्यानंतर साधारण चार आठवडे घरट्यात असतात. ह्या काळात नराचं काम पहारा. बहुतेक नर अंडी फुटली की हल्ले सुरू करतात आणि पिल्लं उडून बाहेर पडली की थांबवतात. म्हणून ‘किती दिवस’ ह्याचं उत्तर: सुरुवातीपासून धरले तर चार ते सहा आठवडे. तुमच्याकडे एक आठवडा झाला आहे. मध्ये टर्म तीनची सुट्टी येते, तिचे दोन आठवडे वजा करा. उरतात ते फार दिवस नाहीत.

आता ‘आमच्याच मुलाला का’. पुष्कळ लोकांना वाटतं की सगळे मॅगपाय हल्ला करतात. खरं उलट आहे. माद्या जवळजवळ कधीच करत नाहीत, आणि नरांतले दहातले नऊ जण आयुष्यात कुणाच्या वाटेला जात नाहीत. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातले डॅरिल जोन्स ह्यांनी ह्या पक्ष्यावर कित्येक वर्षं काम केलं, त्यातून पुढे आलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही की हल्ला करणारे नर विशिष्ट माणसांवरच जातात. एखादा फक्त पायी चालणाऱ्यांवर, एखादा फक्त सायकलवाल्यांवर, एखादा फक्त टपालवाल्यावर. सायकलवाल्यांवर जाणारा नर शेजारून चालणाऱ्या माणसाकडे ढुंकूनही बघत नाही. तुमच्या मुलाच्या वर्गातली बाकीची मुलं चालत जातात, असं तुम्हीच लिहिलं आहे. माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

नराच्या अंगात हंगामात काहीतरी उसळतं म्हणून तो पिसाळतो, हा समज इथल्या माणसांतही आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात जोन्सही होते, हल्लेखोर नरांचं टेस्टोस्टेरॉन तपासलं तर ते इतर नरांपेक्षा जास्त निघालं नाही. निष्कर्ष सरळ होता: हे पिल्लांचं रक्षण आहे. त्याच्या लेखी तुमचा मुलगा घरट्याकडे वेगाने येणारा धोका आहे. त्याने झेप घेतली आणि धोका पळाला. दुसऱ्या दिवशी धोका परत आला, पुन्हा झेप, पुन्हा पळाला. सायकल जितक्या जोरात हाकाल तितकी त्याची खात्री पटते की आपला उपाय लागू पडतो. म्हणून मी उतरून चाला म्हणते. चालणारा, त्याच्याकडे बघणारा माणूस बहुतेकदा त्याच्या यादीत नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहरे. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतो आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. त्याच्या इलाख्यात रोज वावरणारी माणसं तीच ती असतात, आणि ती त्याला एकेक करून माहीत असतात. कुणी काठी उगारली, कुणी दगड मारला, हे लक्षात राहतं. तुमच्या मुलाने तसं काही केलं असेलच असं नाही. त्याच वयाच्या, तशाच हेल्मेटच्या दुसऱ्या कुणी केलं असेल. पण आजपासून कुणीही हात उगारू नका, ओरडू नका, हेल्मेट भिरकावू नका. वडिलांनी रागाने एकदा फांदी फेकली आणि मग पुढची काही वर्षं तो नर त्या घराच्या फाटकापासून वडिलांच्या मागे, असे किस्से आमच्या कामात नेहमीचे.

झाडाखाली तासभर उभं राहिलात तर तो काय करतो ते स्पष्ट दिसतं. आधी तो उंच फांदीच्या टोकाला, अगदी उघड्यावर बसतो, आपलं अस्तित्व लपवत नाही. माणूस जवळ आला की अंग बारीक करतो, मान पुढे काढतो आणि एका डोळ्याने बघत राहतो. त्याचे डोळे तपकिरी-तांबडे असतात, जवळून बघितले की विसरायला होत नाहीत. मग एक तुटक, कोरडी हाक येते, गाण्याशी काही संबंध नसलेली. ही सूचना. इथे थांबून मागे वळलात तर नव्वद टक्के प्रकरण मिटतं. नाही वळलात तर तो फांदी सोडतो, पण आवाज न करता, पंख फार न हलवता, खाली तरंगत येतो आणि तुमच्या पाठीमागच्या बाजूने डोक्याच्या पातळीला पोचतो. कानाशी पंखांचा ‘फुर्र’ असा वारा लागतो आणि चोच मिटल्याचा ‘टक्’ आवाज येतो. बहुतेक वेळा इतकंच. स्पर्शही होत नाही. चोच किंवा नखं लागतात ती त्यानंतरच्या फेऱ्यांत, आणि काही मोजकेच नर तिथवर जातात. सगळ्यात वाईट सवय असलेला नर समोर जमिनीवर उतरतो आणि तिथून चेहऱ्याकडे उडी घेतो. असा पक्षी दिसला तर लगेच पालिकेला कळवा, ती वेगळी केस आहे.

तो मागून येतो ह्याचा फायदा घेता येतो. त्याच्याकडे बघत राहिलात तर तो बहुधा झेप घेत नाही. म्हणून दोघांनी जायचं: एकाने वाट बघायची, दुसऱ्याने पक्षी. झाड ओलांडलं की पाठ फिरवून पळू नका, मध्येमध्ये वळून बघत चाला. मुलाला चष्मा किंवा गॉगल घाला, हे मी सक्तीचंच म्हणेन. छत्री उत्तम, साधी आपली पावसाळी छत्री. डोकं झाकतं, तिच्यावर चोच मारायला त्याला काही सापडत नाही, आणि मुलांना ती घेऊन चालायला लाजही वाटत नाही, कारण सप्टेंबरात मेलबर्नला तशीही लागते.

आता ते पट्टे. हेल्मेटमधून साळिंदरासारखे वर निघालेले केबल टाय तुम्ही पाहिले असतील. त्यांचा एकच खात्रीचा उपयोग आहे: पक्षी डोक्यापासून दोन बोटं लांब राहतो, म्हणजे थेट टोच कमी लागते. झेप थांबत नाही. काही नर त्यांना जुमानतच नाहीत. हेल्मेटच्या मागे डोळे काढणं, आइस्क्रीमचा डबा डोक्यावर उलटा घालणं, ह्याचंही तसंच. एखाद्या पक्ष्यावर चार दिवस चालतं, मग त्याला कळतं. सायकलीला मागे उंच काठीवर नारिंगी झेंडी लावली तर काहींना फरक पडलेला मी पाहिला आहे. लावायचं तर लावा, पण ते करून त्याच वाटेने जोरात जाणार असाल तर पैसे वाया. मला ह्या सगळ्या शिरस्त्राणांबद्दल एवढंच वाटतं की त्यांनी मुलाला धीर येतो, आणि धीर आलेलं मूल दचकून पडत नाही.

पडणं हाच खरा धोका आहे, आणि हे मी ठळकपणे सांगते. २०१९ च्या सप्टेंबरात वोलोंगाँगजवळ एक वयस्कर सायकलस्वार मॅगपायला चुकवायला वाटेबाहेर गेला, कुंपणाच्या खांबावर आदळला आणि गेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनच्या एका बागेत पक्ष्यापासून वाकून बाजूला होताना तान्ह्या बाळाला घेतलेली आई अडखळून पडली, ते बाळ वाचलं नाही. दोन्ही वेळा घात चोचीने झाला नाही. म्हणून मुलाला आज घरी बसवून शिकवा: पक्षी आला तर ब्रेक, पाय टेकव, उतर. हँडल सोडायचं नाही, हात वर करायचे नाहीत. अंगणात दोन-चारदा करून घ्या. तुम्ही स्ट्रोलर किंवा कडेवर बाळ घेऊन जात असाल तर तो पट्टा पूर्ण टाळा, त्यात प्रयोग नको.

चोचीने होणारी गंभीर इजा म्हणजे डोळ्याची. कानावरचा ओरखडा साबण-पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते डॉक्टरांना विचारा. मात्र डोळ्याला लागलं, अंधुक दिसतंय, पाणी थांबत नाही असं मूल म्हणालं तर चोळू देऊ नका आणि उद्यावर टाकू नका. ईस्ट मेलबर्नला डोळे आणि कानाचं सार्वजनिक रुग्णालय आहे, तिथला तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो. चोचीचं टोक बुबुळाच्या पडद्याला छेद देऊ शकतं आणि वरवर काही दिसत नाही.

घरटं काढण्याचं उत्तर ‘नाही’ आहे. मॅगपाय हा इथला संरक्षित पक्षी आहे. व्हिक्टोरियात १९७५ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला इजा करणं, अंडी किंवा पिल्लं उचलणं हा गुन्हा आहे. ते बाजूला ठेवलं तरी उपाय म्हणूनही तो चुकीचा आहे. घरटं गेलं की जोडी दुसरं बांधते, पुन्हा अंडी, पुन्हा तीन आणि चार आठवडे, आणि तुमचा सप्टेंबर नोव्हेंबरपर्यंत लांबतो. फांदी छाटण्याचंही तेच.

पालिका करू शकते ते असं: खात्री करून फलक लावणं, वाट काही दिवस बंद करणं, आणि खरोखर घातक नर असेल तर राज्य सरकारच्या वन्यजीव खात्याकडून परवानगी मागणं. नर पकडून लांब नेऊन सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यातली मला सगळ्यात आवडणारी बाब ही की जागा रिकामी झाली की दुसरा नर पटकन येऊन बसतो, आणि कित्येकदा तो आधीच्याची पिल्लं आपली म्हणून भरवतो, वर माणसांवर जातही नाही. मारण्यापर्यंत गोष्ट क्वचित जाते. २०१९ मध्ये सिडनीच्या हिल्स शायर भागात, जिथे आपले बरेच लोक राहतात, वारंवार जखमी करणारा एक नर परवानगी घेऊन मारला गेला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. दोन वर्षं आधीच, २०१७ मध्ये, वाचकांच्या मतदानात हाच पक्षी ऑस्ट्रेलियाचा ‘बर्ड ऑफ द इयर’ ठरला होता. इथल्या माणसांचं त्याच्याशी असं दुहेरी नातं आहे. शेजाऱ्याकडे तक्रार केलीत तर तो आधी हसेल, मग कोणत्या झाडावर आहे ते विचारेल आणि आपली जुनी खूण दाखवेल.

पालिकेला कळवताना नेमकं कळवा. घरटं कुठे आहे ते शोधायला अर्धा तास पुरतो: लांब उभे राहा आणि मळकट पाठीच्या मादीवर लक्ष ठेवा. नर कुठेही बसतो, मादी मात्र सारखी एकाच फांदीकडे परत जाते. झाड, वाटेवरची जागा, वेळ, आणि पक्षी कुणावर जातो, सायकलवर की चालणाऱ्यांवर, हे लिहा. सरकारचा आणि लोकांनी मिळून चालवलेला असे हल्ल्यांचे ऑनलाइन नकाशे आहेत, त्यांतही टाका.

आता आजींची पोळी. त्या अगदीच चुकीच्या नाहीत. चेहरा ओळखणारा पक्षी मित्रही ओळखतो, आणि इथे अनेक घरांत मॅगपाय स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात. पण पोळी, भात, ब्रेड हे त्याचं अन्न नाही. नुसता खिमा तर त्याहून वाईट, त्यात कॅल्शियम नसतं आणि वाढत्या पिल्लांची हाडं कच्ची राहतात. शिवाय मैत्री तुमच्या घराशी होते, वाटेवरच्या बाकी मुलांशी नाही. खाण्याची सवय लागलेला पक्षी माणसांच्या आणखी जवळ येतो, ही दुसरी अडचण. पाण्याचं भांडं ठेवा हवं तर, तेवढं चालेल. पितृपक्ष नेमका ह्याच सुमारास येतो आणि कुंपणावर ठेवलेल्या घासाला कावळ्याआधी मॅगपाय शिवतो, असं मला दोन-तीन घरांतून कळलं आहे. पूर्वजांच्या हिशेबात ते कसं धरायचं ते आजींनी ठरवावं. माझी विनंती इतकीच की घास शाळेच्या वाटेपासून लांब, परसदारी ठेवा आणि उरलेला उचलून टाका.

ह्याच हंगामात आणखी दोघांची ओळख असू द्या, कारण लोक त्यांचीही तक्रार मॅगपाय म्हणूनच करतात. मॅगपाय-लार्क हा अंगाने बराच लहान, काळा-पांढराच, पण तो समोरून चेहऱ्यावर येतो, त्यामुळे गॉगल त्याच्यासाठीही. आणि शाळेच्या मैदानावर पिवळ्या गलमिशांचा, लांब पायांचा जो कर्कश ओरडत अंगावर येतो तो मास्क्ड लॅपविंग, आपल्या टिटवीचा भाऊबंद. गावाकडे टिटवीची अंडी उघड्या ढेकळांत असतात आणि जवळ गेलं की ती डोक्यावरून घिरट्या घालत बोंब मारते, तसंच हे. त्याच्या पंखाला काटा असतो, त्यात विष आहे ही इथली अफवा आहे. तो जवळजवळ नेहमीच हूल देतो. आणि पुण्यात मे-जूनमध्ये सोसायटीतल्या कावळिणीने डोक्यावर टपली मारलेली तुम्हाला आठवत असेलच, तेव्हा पिल्लांसाठी आक्रमक होणारा पक्षी काही ऑस्ट्रेलियाने शोधून काढलेला नाही.

ऑक्टोबरात त्याच झाडाखाली गवतावर करड्या रंगाचं, आखूड शेपटीचं पिल्लू बसून रडवेलं ओरडताना दिसेल. ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं, आईबाप वरच असतात. रक्त दिसत नसेल आणि मांजर-कुत्रं जवळ नसेल तर हात लावू नका. मुलाला ते उचलून घरी आणावंसं वाटेल, आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्या मागे जुना ओळखीचा नर असेल.

पुढच्या वर्षी हेच जोडपं बहुतेक तिथेच घरटं करेल आणि नराला तुमचा मुलगा आठवत असेल. म्हणून हंगाम संपला की ती वाट सोडून देऊ नका. डिसेंबरपासून जुलैपर्यंत तो कुणाच्या वाटेला जात नाही, त्या काळात मुलाला अधूनमधून तिथून चालत न्या, चेहरा उघडा, सायकल हातात, घाई नाही. ह्यानेही काही नर बदलत नाहीत. तसं झालं तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मला पुन्हा लिहा, अंडी फुटायच्या आधी, म्हणजे शाळेशी बोलून मुलांची वाट वेळेवर वळवता येईल.